सहाव्या खिळ्यावरचा पत्रा

बोर्ड रंगवणाऱ्याच्या डब्याला काठावर रंगाची एक जाड कड असते. ब्रश निथळून निथळून थरावर थर साचतात, पुसायला कुणाला सवड नसते, आणि एक दिवस बघावं तर झाकणच बसत नाही. किश्श्यांचंही तसंच होतं. आमच्या शनिवारच्या अभ्यासवर्गाचे किस्से माझ्याकडं असेच साचलेत. आता झाकण बसत नाही, म्हणून सांगतो.

मी दिनू पेंटर. दुकानांचे बोर्ड, गाड्यांच्या नंबरप्लेटा आणि निवडणुकीच्या दिवसांत भिंती, हा माझा धंदा. शाळा आठवीतच सुटली. त्यानंतर जे काही शिकलो ते दर शनिवारी संध्याकाळी, एका गल्लीतल्या तरुण मंडळाच्या माडीवर. जगातले माओवादी पक्ष काय म्हणतात, आणि मुख्य म्हणजे एकमेकांच्या पुढाऱ्यांना काय म्हणतात, हे आम्ही तिथं वाचायचो. नुसतं वाचायचो. आमच्यातल्या कुणी बंदूक सोडाच, दिवाळीत लवंगीसुद्धा धीटपणे लावलेली नव्हती.

आम्ही चौघं. तात्या उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे भरणारे, गाव शाहूवाडीकडचं, आवाज भट्टीच्या वरचा. मास्तर कुरुंदवाडचे, हायस्कुलात भूगोल शिकवायचे, बोलणं छापील. अक्का गडहिंग्लजच्या, सरकारी दवाखान्यात नर्स, आणि राग आला की कानडीत जायच्या. चौथा मी. मी बोलायचो नाही. मतदान झालं की मास्तर मोठ्यानं जाहीर करायचे, "दिनू तटस्थ."

वर्ग काढला तात्या आणि मास्तरांनी मिळून, आणि दर शनिवारी तो मोडायला बघायचे तेही दोघं मिळूनच. जिना मी एकेक पायरी मोजत चढायचो. वाटायचं, आज माझी शाळा पुन्हा सुटते.

* * *

मी वर्गात आलो तो एका भिंतीमुळं.

तात्यांनी मला घोषणा रंगवायला बोलावलं होतं. मजकूर मास्तरांचा. साम्राज्यवादापासून सुरुवात, मग सरंजामदार, मग दलाल भांडवलदार, मग दीर्घकालीन लढ्याचं महत्त्व, आणि शेवटी 'अंतिम विजय आपलाच आहे'. मी अक्षरं बारीक केली, ओळी जवळ घेतल्या, तरी घोषणा संपायच्या आधी भिंत संपली.

मी तात्यांना म्हणालो, दलाल भांडवलदार तेवढे काढूया का. मास्तर म्हणाले, मग विश्लेषणात उरलं काय? तात्या म्हणाले, पलीकडच्या भिंतीवर लिही.

पलीकडची भिंत मंगल कार्यालयाची होती. त्यावर जागेला बसली ती फक्त शेवटची ओळ. बाकीच्याचा अर्थ विचारायला मी माडीवर गेलो, तो तिथलाच झालो.

पहिली भिंत म्युनिसिपालटीनं महिन्याभरात पुसली. मंगल कार्यालयाच्या मालकानं मात्र आपली ओळ तशीच ठेवली, उलट मला बोलावून पुन्हा उजळून घेतली. पुढं कितीतरी नवरा-नवरींनी 'अंतिम विजय आपलाच आहे' च्या खाली उभं राहून फोटो काढले. मास्तर म्हणायचे, "जनतेपर्यंत पोचलेली आपली एकमेव घोषणा."

* * *

माडीवर ओळीनं पाच तसबिरी होत्या. त्या पाच जणांची नावं सांगायला नकोत, माओवाद्यांच्या कुठल्याही पोस्टरवर तेच पाच असतात. मीच रंगवल्या होत्या. पाचांच्या पुढं एक खिळा रिकामा होता, आणि सगळी भांडणं त्या खिळ्यावर टांगलेली असायची.

नव्वदीच्या सुरुवातीला पेरू देशातल्या पक्षाचं नाव फार होतं. तो पक्ष म्हणायचा, आमचा अध्यक्ष या पाचांच्याच पंगतीतला पुढचा. तात्यांना ते लगेच पटलं. मास्तर म्हणाले, ज्या पक्षाचा पुढारी त्याच पक्षानं त्याला मोठा म्हणायचं, यात पुरावा काय? शिवाय फिलिपीन्सचा पक्ष पेरूला पोथीनिष्ठ म्हणतो. तात्या म्हणाले, आणि पेरूवाले फिलिपीन्सला काय म्हणतात ते सांगा की. ते मास्तरांनी वाचून दाखवलं. ते जास्त वाईट होतं.

दोन महिन्यांनी ठराव पास झाला. मी एक जुना पत्रा घासला, त्यावर प्रायमर मारला आणि वर्तमानपत्रातल्या पुसट फोटोवरून अध्यक्ष रंगवला. दाढी आणि जाड चष्मा.

ती खोली गुरुवारी भजनी मंडळाकडं असायची. पुढच्या शनिवारी येऊन बघतो तर पाचही तसबिरींना झेंडूचे हार, आणि सहाव्यालाही. भजनाच्या बुवांना वाटलं, आमचे कुणीतरी गुरुजी नुकतेच वारले.

तात्यांनी खुर्चीवर चढून पहिल्यांदा सहाव्याचा हार काढला. "जिता हाय की माणूस," ते म्हणाले. "त्याच्या घरच्यांनी बघितलं तर काय म्हंतील?"

* * *

मग तो अध्यक्ष पकडला गेला. पिंजऱ्यात उभा केलेला त्याचा फोटो पेपरात आला. तात्या दोन दिवस फाउंड्रीत गेले नाहीत.

वर्षभरानं त्याहून अवघड बातमी आली. तुरुंगातून तो म्हणे शांततेची बोलणी करा असं सांगतोय. जगभरचे माओवादी पक्ष भांडायला लागले. काही म्हणाले, हे सरकारचं नाटक. काही म्हणाले, माणूस खरंच वाकला. पेरूच्या पक्षाचेसुद्धा यावरून दोन तुकडे झाले. मग आमच्या वर्गाला मत नको?

तात्या म्हणाले, तो वाकणाऱ्यातला नाही, फोटो राहणार. मास्तर म्हणाले, शंका आहे तोवर फोटो उतरवावा. तात्या एकदा लावायचे, मास्तर एकदा उतरवायचे. खिळ्याभोवतीचा गिलावा पडायला लागला. अक्का डबल ड्युटी करून आलेल्या, त्यांनी कपाळ धरलं.

"साकु री, साकु," त्या म्हणाल्या. पुरे म्हणजे. "ठरत न्हाय ना? मग ठरेपर्यंत तोंड भितीकडं करून टांगा."

हा तोडगा दोघांना पटला. मी पत्रा उलटा केला, आणि मग आम्हा सगळ्यांना आठवलं की तो पत्रा जुना आहे. पाठीवर माझ्याच हातची ठळक निळी अक्षरं होती. 'येथे म्हशीचे ताजे दूध मिळेल.'

पाच महापुरुष आणि पुढं म्हशीचं दूध, असं ते पुढची काही वर्षं राहिलं. एक मावशी तर किटली घेऊन माडी चढून आल्या होत्या. मास्तरांनी त्यांना अर्धा तास सहकारी दूध संघांच्या मर्यादा समजावल्या आणि चहा पाजून पाठवलं.

खरी गंमत विदर्भाकडून एक मोठे कॉम्रेड व्याख्यानाला आले तेव्हा झाली. ते बोलता बोलता थांबले, तसबिरींवरून नजर फिरवत सहाव्यापाशी आले, आणि तिथं बराच वेळ उभे राहिले. आम्ही चौघं खाली मान घालून बसलो.

शेवटी ते म्हणाले, "बरोबर आहे. ठोस परिस्थितीचं ठोस विश्लेषण."

* * *

फिलिपीन्सच्या पक्षाबद्दल मास्तरांना आदर होता. एवढी वर्षं टिकून राहणं सोपं नाही, म्हणायचे. तात्यांचा आक्षेप एकच. त्यांचा संस्थापक कितीतरी वर्षं हॉलंडमध्ये राहतो.

"मोल्डर भट्टीपाशी आणि फोरमन गोव्यात, असं कास्टिंग हुतंय व्हय?" ते विचारायचे.

मास्तर नकाशा काढायचे. देश बेटांचा आहे, डोंगर कसे आहेत, पक्षानं सगळी ताकद एका जागी का ठेवली नाही, पेरूचं डोकं एकच होतं म्हणून ते एका दिवसात कसं पकडलं गेलं. मास्तर नकाशा दाखवायला लागले की मला वाटायचं, हे संपूच नये. आठवीनंतरचा भूगोल मला असा मिळाला.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ठीक हाय, डोकी जास्त पायजेत. पण डोकी जास्त झाली की पक्ष फुटतो, त्याचं काय?

सगळ्यांनी अक्कांकडं बघितलं. अक्का पायाची बोटं दाबत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात चार पेशंट शेजारी शेजारी असत्यात. प्रत्येकजण दुसऱ्याच्या डॉक्टरला नावं ठेवतो. ताप चौघांना सारखाच."

* * *

नेपाळचं युद्ध सुरू झालं आणि वर्गात जीव आला. आता हिमालयाच्या अलीकडंच काहीतरी घडत होतं. तात्या म्हणाले, पुस्तकं बास झाली, नेपाळचा माणूस आणू.

उद्यमनगरात रात्रपाळीचा एक नेपाळी वॉचमन होता. तात्या त्याला शनिवारी घेऊन आले. तो दाराशी चपला काढून, खुर्चीच्या अगदी कडेला बसला. मास्तरांनी प्रश्न काढून ठेवले होते. खेड्यांनी शहरांना वेढायचं की शहरात उठाव करायचा, की नेपाळचे पुढारी म्हणतात तसा दोन्हींचा मेळ घालायचा? पेरूच्या अनुभवातून त्यांनी काय घेतलं? आपल्याकडचे जंगलातले कॉम्रेड त्यांच्यावर जी टीका करतात ती रास्त आहे का?

त्यानं सगळं नीट ऐकलं. चहा संपवला. मग हिंदीत सांगितलं, त्याचा थोरला भाऊ तिकडं पोलिसात आहे आणि धाकटा जंगलात.

तात्यांनी हळू आवाजात विचारलं, मग घरी काय म्हणतात?

"माँ दोनों के लिए स्वेटर बुनती है," तो म्हणाला. "एक ही ऊन का."

त्या शनिवारी मतदान झालं नाही. जिना उतरताना तात्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि मास्तरांनी तो काढला नाही. मला वाटलं, आता वर्गाला धोका नाही. मी अगदीच भोळा होतो.

* * *

त्यानंतर वर्गाच्या इतिहासातला एकमेव एकमतानं पास झालेला ठराव आला. सहाव्या जागी नेपाळचा पुढारी. नवा पत्रा नको, खर्च कशाला, म्हणून तोच पत्रा सरळ केला.

आता बघा, पेरूच्या अध्यक्षाला दाढी आणि चष्मा. नेपाळच्या पुढाऱ्याला नुसती मिशी. बाहेरून वाटतं, दाढी काढणं सोपं. पण ऑइलपेंटचा काळा रंग मरत नाही. मी वरून कातडीचा रंग मारला, वाळवला, पुन्हा मारला, मिशी काढली, केस फिरवले. छान माणूस झाला. श्रावणापर्यंत छान होता.

मग दमट हवेत खालची दाढी वर यायला लागली. आधी नुसती सावली, जणू दोन दिवस वस्तरा लावला नाही. गणपतीपर्यंत डोळ्यांभोवती चष्म्याचे गोल उमटले.

मास्तर लांबून बघत म्हणाले, "यालाच ऐतिहासिक सातत्य म्हणतात."

तात्या म्हणाले, "दिनू, अजून दोन हात मार."

* * *

आणि मग नेपाळच्या पुढाऱ्यानं युद्ध थांबवलं. करार केला, बंदुका पेट्यांत घालून कुलूप लावलं, निवडणुकीला उभं राहायचं म्हणाला. आपल्याकडच्या जंगलातल्या पक्षानं त्याच्यावर टीका सुरू केली. हा मार्ग सोडला, ही शरणागती. नेपाळवाले उलट म्हणाले, तुम्ही जुन्या पोथीत अडकलात, काळ बदलला.

त्यांनी निदान एकमेकांना कागदावर तरी कॉम्रेड म्हणायचं सोडलं नाही. आमच्यात तेही राहिलं नाही.

मास्तर म्हणाले, हे एकविसाव्या शतकातलं नवं पाऊल आहे. तात्या म्हणाले, ज्यानं ओतायच्या वेळी भट्टी विझवली त्याचं तोंड मला भिंतीवर नको, पत्रा उलटा करा. मास्तर म्हणाले, सरळच राहील. तात्या म्हणाले, मग मी राहत नाही. मास्तर म्हणाले, त्याला इलाज नाही. बोलायचं ठरवून मी तोंड उघडलंही, पण तोवर तात्या चपला घालत होते.

दोन वर्ग झाले. मास्तरांचा 'अभ्यासवर्ग', तात्यांचा 'अभ्यासवर्ग (पुनर्गठित)'. अक्कांना दोघांनीही बोलावलं. त्या म्हणाल्या, मला भांडायला वेळ नाही, मी दोन्हीकडं येईन. मला कुणी विचारलंच नाही, दोघांनीही धरून ठेवलं. त्यामुळं मास्तर म्हणायचे, तीन सभासद माझ्याकडं आहेत, बहुमत माझं. तात्याही तेच म्हणायचे, आणि दोघांचंही खरं होतं.

दुसरी खोली कुणी देईना. तरुण मंडळाच्या सेक्रेटरींनी वेळ वाटून दिली. शनिवारी पाच ते सहा मास्तर, सहा ते सात तात्या. पत्र्याचं काम माझ्याकडं आलं. पाचला पुढारी, सहाला म्हशीचं दूध.

तात्या पावणेसहापासून जिन्यात बसायचे. वर मास्तर त्यांच्याच चुकांवर बोलत असायचे, आणि तात्यांना खाली सगळं ऐकू यायचं. वेळ झाली की ते दार वाजवायचे. इतक्या वर्षांचा मित्र, पण आता अनोळखी माणसाला हाक मारावी तशी हाक मारायचे.

"पावणं, सहा वाजलं."

मास्तर उठायचे. त्यांच्या कोल्हापुरी चपलेचा अंगठा कायम सैल असायचा, तो बसवत ते जिन्यात बराच वेळ रेंगाळायचे. मग वर तात्यांची टीका सुरू व्हायची, आणि ती मास्तरांना खाली ऐकू जायची.

* * *

साध्या वेशातले एक हवालदार फार पूर्वीपासून खालच्या चहाच्या गाड्यावर बसायचे. सगळ्यांना माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं की आम्हाला माहीत आहे. वर्ग फुटल्याचं कळल्यावर ते अगदी हिरमुसले. आता दोन रिपोर्ट द्यावे लागणार होते.

एका शनिवारी सहाच्या ठोक्याला ते जिन्यात आले. मास्तर उतरत होते, तात्या चढत होते. हवालदारांनी अदबीनं विचारलं, "साहेबांचा एकच प्रश्न हाय. ह्यातला जहाल गट कुठला?"

मी वर दारात उभा होतो.

"आमचा," मास्तर म्हणाले.

"त्यांचं काय ऐकता," तात्या म्हणाले, "आमचा."

मग जिन्यातच वीस मिनिटं वाद झाला. शेवटी हवालदारांनीच दोघांची समजूत काढली की दोघांचंही नाव जहाल म्हणून वर लिहितो.

* * *

हा शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

तात्यांच्या छातीत पाणी झालं. फाउंड्रीतली वाळू आयुष्यभर नाकातोंडात गेलेली. अक्कांच्याच दवाखान्यात त्यांना ठेवलं. सहा ते सातची वेळ मोकळी पडायला लागली. पाचचा वर्ग संपला की मास्तर निघायचे, अक्का आणि मी थोडा वेळ रिकाम्या खुर्चीसमोर बसायचो आणि कुलूप लावायचो.

दुसऱ्या शनिवारी सेक्रेटरी वर आले. म्हणाले, भजनी मंडळाला शनिवारची वेळ हवी आहे. अजून एकदा रिकामं दिसलं तर सहा ते सात त्यांना देणार. मास्तर तेव्हा दारात अंगठा बसवत होते, त्यांनी ते ऐकलं.

मी दवाखान्यात गेलो. तात्यांना नळी लावलेली. त्यांनी खुणेनं विचारलं, वर्ग? मी मान हलवली, चालू आहे. त्यांना बरं वाटलं.

पुढच्या शनिवारी पाच ते सहा मास्तरांनी नेपाळच्या निवडणुकीवर सांगितलं. सहा वाजले. मी दुसऱ्या वर्गासाठी पत्रा उलटा करायला उठलो, तोवर मास्तरच खुर्चीवर चढले होते. त्यांनी पत्रा स्वतःच्या हातानं उलटा केला, म्हशीचं दूध पुढं आणलं, खाली उतरले, आणि आपली खुर्ची सोडून तात्यांच्या खुर्चीत बसले.

"अभ्यासवर्ग पुनर्गठित," ते म्हणाले. "अध्यक्ष आजारी आहेत. त्यांच्या वतीनं मी चालवतो. मागच्या वेळचा विषय अपुरा आहे. विषय, मास्तर."

अक्का म्हणाल्या, काय चाललंय हे? मास्तरांनी त्यांना हातानं थांबवलं.

आणि मग ते मास्तरांवर बोलले. अर्धा तास. तात्यांनी जिन्याखाली ऐकू येईल अशा आवाजात वर्षभर जे जे म्हटलं होतं ते सगळं त्यांना पाठ होतं. या गृहस्थाला जिथं मतपेटी दिसते तिथं क्रांती दिसते. तात्या तापलेलं लोखंड ओततात, हा नकाशात रंग भरतो. आमच्या जंगलातल्या साथींना यानं पोथीनिष्ठ म्हटलं, पण स्वतः आयुष्यात पगारी रजा टाकल्याशिवाय कधी संपावर गेला नाही. हे शेवटचं तर तात्या कधीच बोलले नव्हते. ते मास्तरांनी स्वतःचं घातलं.

सेक्रेटरी दारात डोकावले, सभा चालू आहे बघून परत गेले.

"आता ठराव," मास्तर म्हणाले. "तात्यांनी मांडलेला, मतदान राहिलेलं. मास्तर नावाच्या इसमाला चळवळीतून कायमचं काढून टाकावं. बाजूनं?"

अक्कांनी हात वर केला. म्हणाल्या, करा पास, म्हणजे ह्यांची पीडा जाईल.

"विरोधात कुणी नाही. दिनू तटस्थ," मास्तर सवयीनं म्हणाले.

माझा हात वर होता.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हा कशासाठी?"

"विरोधात," मी म्हणालो.

एकास एक. मास्तरांनी बोटांवर मतं पुन्हा मोजली. मग म्हणाले, समसमान झालं तर अध्यक्षाचं कास्टिंग व्होट. अक्कांना विचारलं, तात्या इथं असते तर कुठं टाकलं असतं? अक्का म्हणाल्या, हे काय विचारायचं झालं?

"मग बाजूनं," मास्तर म्हणाले. "ठराव मंजूर." त्यांनी खुर्ची सरळ केली, दिवा बंद केला, किल्ली माझ्या हातात दिली आणि जिना उतरून गेले.

तात्या पुढच्याच महिन्यात आले. तोवर सेक्रेटरींनी पुन्हा वेळेची गोष्ट काढली नाही. अर्धे झाले होते. पावणेसहाला जिन्यात बसले, पायरीला हात टेकून. सहाला मास्तर खाली उतरले. तात्यांनी अंग चोरून वाट दिली. 'पावणं' म्हणायलाही दम नव्हता.

वर येऊन बसले, आणि सगळ्यात आधी विचारलं, माझ्या मागं काय काय झालं? मी सांगितलं. सेक्रेटरींचं, खुर्चीचं, पगारी रजेचं, कास्टिंग व्होटचं. अक्का खिडकीबाहेर बघत होत्या.

तात्या घोटभर पाणी प्यायले. मग म्हणाले, "म्हंजे मास्तरनं मास्तरला काढलं."

"व्हय."

"माझ्या वतीनं."

"व्हय."

"आणि विरोधात कोण?"

"मी."

"का रं?"

"माझी शाळा एकदा सुटलीया, तात्या."

तात्यांनी टेबलावर बोटं वाजवली. श्वास गोळा केला. मग सभेत बोलायच्या आवाजात म्हणाले, "बाहेरच्या माणसाला कास्टिंग व्होटचा अधिकार दिला कुणी? ठराव बेकायदा हाय. रद्द. दिनू, चहा सांग."

"तीन?"

"चार."

ते उठले, खुर्चीला धरत धरत दारापर्यंत गेले आणि जिन्यात वाकले. खाली शेवटच्या पायरीवर मास्तर अजून अंगठा बसवत होते.

"ओ मास्तर," तात्या म्हणाले, "वर या. पत्रा कुठल्या बाजूनं लावायचा, त्येचं अजून ठरायचं हाय."